डबल बेस, बारा बाय बाराची खोली, आणि सोबतीला कोणी नाही

खर्जवेडा
नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. शेती आहे, कापूस, तूर, सोयाबीन. हिंगणघाटला कॉलेजात असताना एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार हाती आली ती आजवर सुटली नाही. गणपती, शारदोत्सव, लग्नाचं रिसेप्शन, कोणी बोलावलं की जातो. पोट त्यावर नाही, म्हणून हौस शाबूत आहे.

पण जीव अडकलाय तो डबल बेसमध्ये. ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी: व्हायोलिनच्या कुटुंबातलं सगळ्यात मोठं वाद्य, माणसाएवढं उंच. उभं राहून किंवा उंच स्टुलावर टेकून वाजवतात, बोटांनी आणि गजानेही. चार तारा बेस गिटारच्याच सुरांत, पण पडदे नाहीत. मोकळी तार गजाने ओढली की खालच्या लोखंडी पिनेतून कंप फरशीत उतरतो आणि तळपायाला कळतो. तो सूर कानाआधी पोटात पोचतो. त्यासाठी मी दिवसभराचा शीण विसरतो.

माझा बेस प्लायवूडचा, सेकंडहँड, मुंबईतल्या एका वृद्ध वादकाच्या घरून घेतलेला. कापसाच्या गाठी पोचवून परत येणाऱ्या ट्रकमधून हिंगणघाटपर्यंत आला, पुढे छोट्या हत्तीतून घरी. रोज संध्याकाळी वाजवतो. लाइन गेली तरी अडत नाही, हे त्याचं मोठं सुख.

प्रश्न असा. बेस हे सोबतीचं वाद्य. वर कोणी गाणारं-वाजवणारं असलं की त्याला अर्थ येतो. आमच्या पंचक्रोशीत पियानो नाही, व्हायोलिन नाही, जॅझचं तर नाव नाही. भजनी मंडळं मात्र पुष्कळ आहेत. तर एकट्याने वाजवत राहून माणूस या वाद्यात पुढे जातो का? आणि भजनात डबल बेसला जागा आहे का? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

वऱ्हाडी_ठेचा
फोटो टाका ना भाऊ आधी. असं वाद्य आमच्या अकोल्याकडं कोनं पाह्यलंच नाई.

तानपुरी
खर्जवेडा दादा, धागा वाचून फार आनंद झाला. मी अमरावतीला गाणं शिकवते. एकट्याने पुढे जाता येतं का, याचं उत्तर आमच्याकडे खर्जाच्या रियाजात आहे. पहाटे तानपुरा लावायचा आणि मंद्र सप्तकातला एकच सूर श्वास पुरेल तोवर धरायचा. वाद्याला पडदे नाहीत म्हणता, मग तानपुरा हाच तुमचा गुरू. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, ब्लूटूथ स्पीकरवर घ्या, गजाने सा धरा. सूर मिळाला की दोन्ही आवाजांमधली थरथर थांबते. ती थांबेपर्यंत बोट हलवत राहा.

भजनाबद्दल मात्र मला शंका आहे. आपल्या संगीताची बैठक एका षड्जावर. पाश्चात्त्य बेस कॉर्ड बदलेल तसा खालचा सूर बदलतो, आणि अभंगाखाली तो असा फिरायला लागला की राग पुसला जातो. ऑर्केस्ट्रात ते खपतं. भजनात नको वाटतं.

गजवाला
मी मुंबईत हौशी म्हणून डबल बेस वाजवतो. दिवसा नोकरी, रात्री बेस. खर्जवेडा, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं.

एकट्याने शिकण्याबद्दल फ्रान्स्वा राबातची गोष्ट सांगतो. १९३१ साली सीरियातल्या अलेप्पोत जन्म. शिकवणारं कोणी नाही. एदुआर नानी या फ्रेंच बेसवादकाचं शिकवणीचं पुस्तक हाती लागलं, त्यावरून हा स्वतः शिकला. पुढे नानींकडेच शिकायचं म्हणून पॅरिसला गेला, तर नानी १९४२ सालीच वारले होते. मग राबातने स्वतःची पद्धत बसवली, आणि आज ती जगभर शिकवली जाते. तेव्हा एकटेपणाने कोणाचं अडत नाही.

कामाचं बोलू. बेस गिटारवरून आलेल्या माणसाला पहिला धक्का अंतरांचा बसतो. तारेची लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर, म्हणून खालच्या भागात अर्ध्या स्वराचं अंतर जवळपास ६ सेंटिमीटर. एका बोटाला एक पडदा ही गिटारची सवय इथे हात मोडते. फ्रांट्स झिमांडलच्या जुन्या पद्धतीत पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं चौथ्याला आधार देतं. सुरुवातीला तीच धरा. दुसरं, अंगठ्याने मान दाबून धरू नका. दंडाचं आणि पाठीचं वजन तारेवर टाका. अंगठा दुखायला लागला की समजा, जोर चुकीच्या जागी लागतोय.

एकट्याने वाजवायला जर्मन संगीतकार बाखचे चेलो सूट आहेत, म्हणजे चेलोसाठी रचलेल्या छोट्या तुकड्यांचे संच. मूळ चेलोसाठी, पण बेसवादक ते पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेत. कुणाची साथ लागत नाही, आणि खालचा सूर, वरची चाल, दोन्ही एकाच वाद्यात बांधलेलं आहे.

डग्गा
मी तबलजी, यवतमाळकडचा. तानपुरी ताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं. बेस आणि डग्गा एकाच जागेत राहतात. डग्ग्याची घुमक खालून वर सरकते, त्यात बोलाचा सगळा भाव असतो. त्याच वेळी कोणी खाली जाड सूर धरून बसला की घुमक मातीत जाते. ऑर्केस्ट्रात बेस गिटारवाल्यांसोबत वाजवलंय मी. साउंडवाला बेस वाढवतो आणि माझा डावा हात प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही. भजनात हे नको.

गजवाला
@डग्गा, तुमचं म्हणणं खरं आहे, पण मार्ग निघतो. एडगर मायर हे अमेरिकन डबल बेसवादक उस्ताद झाकिर हुसेन आणि बँजोवादक बेला फ्लेक यांच्यासोबत वाजवत आले. २०२३ च्या त्यांच्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ या अल्बममध्ये राकेश चौरसियांची बासरीही आहे, आणि २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. हेडफोन लावून ऐका. डावा बोलायला लागला की मायर गज उचलतो किंवा वरच्या सप्तकात निघून जातो. दोघांनी जागा वाटून घेतलीय.

डग्गा
ऐकलंय, आणि झाकिरभाईंचं नाव आलं की मी हात जोडतो. पण ती माणसं कुठे आणि आम्ही कुठे. त्यांना प्रत्येक वाद्याला वेगळा माइक. आमच्या मंडळात गाणाऱ्याला एक, पेटीला एक, बाकीच्यांनी आपलं पाहून घ्यावं. जागा वाटून घ्यायला आधी एकमेकांचं ऐकू तर आलं पाहिजे. खर्जवेडा भाऊ, वाजवा, पण तबलजीला विचारून वाजवा, एवढंच म्हणणं.

खर्जवेडा
तानपुरी ताई, डग्गा भाऊ, दोघांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. कॉर्ड फिरवायचा विचार नाहीच. सा आणि प, गरज पडली तर मध्यम, एवढ्यात राहायचं.

वेगळीच अडचण आलीय. ई तारेवर (सगळ्यात जाड तार) काळी तीन, म्हणजे पेटीवरच्या तिसऱ्या काळ्या पट्टीचा सूर, वाजवली की कोपऱ्यातली लोखंडी पेटी झणझणते, भिंत घुमते, आणि मी खोलीच्या मधोमध उभा असलो तर मला स्वतःला तो सूर जवळपास ऐकूच येत नाही. बाकी सूर ठीक. वाद्यात दोष आहे का?

पदार्थ_विज्ञान
चंद्रपूरला शाळेत शिकवते. वाद्यात काही दोष नाही, खोलीचा हिशेब आहे. खोली बारा बाय बारा, म्हणजे भिंतीपासून भिंत ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर ज्या सुराची अर्धी लाट या अंतरात बरोबर बसते त्याची वारंवारता सुमारे ४७ हर्ट्झ. तुमच्या ई तारेवरची काळी तीन ४६ च्या थोडी वर. म्हणून तो सूर खोलीत अडकून घुमतो. अशा लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि मध्यावर सर्वांत कमी, त्यामुळे मधोमध उभ्या माणसाला तो हरवल्यासारखा वाटतो. खोली चौरस आहे, दोन्ही दिशांना तेच घडतं, म्हणून त्रास दुप्पट.

मधून थोडे बाजूला, तिरपे उभे राहा. कोपऱ्यात गाद्या, रजया, कापसाची गाठोडी ठेवलीत तर वरचे सूर मऊ होतील, पण इतक्या खालच्या सुराला ती पुरणार नाहीत. त्या सुराची लाट साडेसात मीटरच्या आसपास लांब आहे. ओसरीत वाजवणं सर्वांत चांगलं.

एक गंमत सांगते. मे महिन्यात ४५ अंशांना ध्वनीचा वेग ३५८ मीटरच्या आसपास जातो. हिशेबाने घुमणारा सूर ४९ हर्ट्झकडे सरकेल, म्हणजे पांढरी पाच. उन्हाळ्यात तपासून इथे नक्की सांगा, मुलांना वर्गात उदाहरण देईन.

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा! उन्हाळ्यात खोलीची पट्टी चढते. हे त आमच्या पेटीवाल्याले सांगाच लागते.

झाडीचं_पाखरू
राम राम. मी वडशाकडला, झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, अन् गावोगावी रात्रभर नाटक. गाणी तिथंच, समोर बसलेल्या लोकांपुढं, रेकॉर्ड लावून नाही. २०२३ साली आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या सगळ्या मंडळ्यांत पेढे वाटले होते.

बेसचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्याकडं खालचा सूर माझ्या डाव्या हातात असतो. रात्री दोननंतर थंडी पडते, लोक घोंगड्या गुंडाळून बसतात, रडका प्रवेश येतो. तेव्हा मी वरची पेटी सोडून देतो आणि नुसता खालचा एक सूर दाबून धरतो. नट बोलून राहिला असते, खाली तो सूर. पाच हजार लोकांत आवाज नसते. त्या सुराची ताकद मले माहीत हाय. तो जर लाकडातून, गजातून आला तर काय होईल याचा मी विचार करून राहिलो.

भाऊ, या हंगामात या एखाद्या रात्री. वाद्य ठेवायले मंचाखाली जागा करतो. मानधन मात्र मालकाले विचारून सांगीन.

खर्जवेडा
पाखरू भाऊ, वाचून अंगावर काटा आला. मानधनाचं मनात आणू नका. कापूस वेचणी त्याच दिवसांत असते, मजूर मिळत नाहीत, पण एक रात्र नक्की काढतो.

पदार्थ_विज्ञान ताई, तिरपा उभा राहून पाहिलं. काळी तीन परत ऐकू आली. लोखंडी पेटी ओसरीत हलवली.

सागवान
बल्लारशाहला लाकडाच्या धंद्यात आयुष्य गेलं. संगीतातलं कळत नाही, लाकडातलं विचारा. प्लायवूडचा घेतला हे शहाणपणाचं झालं. आपल्याकडे मेमध्ये हवा इतकी सुकते की घन लाकडाचं पातळ पान फाटतंच. पावसाळ्यात तेच फुगतं. प्लायमध्ये थर आडवे-उभे असतात म्हणून ते कमी हलतं.

मला नेहमी विचारतात की आपल्या सागवानाचं व्हायोलिन का बनत नाही. साग दारा-खिडक्यांचा राजा, पण तेलकट आणि जड. व्हायोलिन-बेसच्या पोटाला हलकं पण ताठ लाकूड लागतं, त्याला युरोपात स्प्रूस वापरतात, पाठीला मेपल. बोटं ठेवायची काळी पट्टी एबनीची. आता ऐका: ज्या तेंदूच्या पानांची बिडी होते, ज्याच्या हंगामावर गडचिरोली-गोंदियातल्या घरांचा उन्हाळा निघतो, तो तेंदू आणि एबनी एकाच जातकुळीतले, दोघंही डायोस्पायरॉस. जुन्या तेंदूचा गाभा काळा आणि लोखंडासारखा असतो. तोडायचं कोणी मनातही आणू नका, वनखात्याचे नियम आहेत. पण तुमच्या वाद्याचा एक तुकडा आमच्या जंगलाचा सोयरा आहे, हे माहीत असू द्या.

गजवाला
सागवान काका, हे वाचून माझ्या बेसच्या पट्टीवरून हात फिरवला.

हवेबद्दल भर घालतो. वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. विदर्भात कूलर म्हणजे वरदान, कारण तो हवेत पाणी सोडतो. बेस कूलरच्या खोलीत ठेवा, पण थेट झोतात नको. रबरी नळीला भोकं पाडून आत ओला स्पंज घालायचा, पिळून, आणि एफ आकाराच्या छिद्रातून पोटात सोडायचा. हाही जुना उपाय. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, तेवढं घ्याच.

आणखी एक. चारही तारा एकदम सैल करू नका. आत पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक लाकडी कांडी नुसत्या दाबावर उभी असते, साउंडपोस्ट. तारांचा ताण गेला की ती पडू शकते. पडलीच तर उलट सगळ्या तारा सैल करा, नाहीतर पोट दबेल, आणि जाणकाराला दाखवा. तारा बदलताना एकेक.

मेमध्ये गजाला लावायची राळ जपा. बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ, आपल्या उन्हात डबीत वाहते. उन्हाळ्यासाठी कडक प्रतीची वेगळी ठेवा.

दूरदेशी
मूळची वाशिमची, आता लाइपझिगला. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा डबल बेस ऐकवला तो फ्रेंच संगीतकार सें-साँसच्या ‘प्राण्यांचा कार्निव्हल’मधला (१८८६) हत्ती. बेस आणि पियानो, दोनच वाद्यं. हत्ती वॉल्ट्झ नाचतो. मुलगा खोलीभर डुलत फिरला. खर्जवेडा दादांचा बेस छोट्या हत्तीतून घरी आला हे वाचलं आणि त्याला लगेच सांगितलं.

इथे बेसवादक गज दोन प्रकारे धरतात. फ्रेंच पद्धतीत वरून, व्हायोलिनसारखा. जर्मन पद्धतीत खालून, हाताचा तळवा बाजूला ठेवून. खांदा दुखत असेल तर दुसरी पद्धत करून पाहा.

आणि बोत्तेसिनीचं नाव कोणी कसं घेतलं नाही? जोव्हान्नी बोत्तेसिनी, १८२१ ते १८८९. मिलानच्या संगीतशाळेत शिष्यवृत्तीच्या जागा उरल्या होत्या फक्त बासून (फुंकून वाजवायचं खर्जाचं वाद्य) आणि डबल बेसच्या. याला व्हायोलिन येत होतं. काही आठवड्यांत बेसची तयारी करून प्रवेश मिळवला, आणि पुढे त्या वाद्याचा त्याच्या काळातला सर्वांत मोठा एकल वादक झाला. १८७१ मध्ये कैरोत वेर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला तेव्हा संचालन त्याचं होतं.

निळी_पहाट
जय भीम. मी पुलगावचा, भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन, या दोन मोसमांत आम्हाला झोप नसते.

बोत्तेसिनीच्या शेजारी अमेरिकन जॅझ बेसवादक रॉन कार्टरचं नाव ठेवतो. जन्म १९३७. लहानपणापासून चेलो शिकला, तयारीचा होता. पण काळ्या मुलाला त्या वेळच्या अमेरिकेत वाद्यवृंदाचं दार उघडत नव्हतं, म्हणून बेसकडे वळला. आज जॅझमध्ये सर्वांत जास्त रेकॉर्डिंगवर वाजवलेला बेसवादक म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. २०१५ मध्ये तो आकडा २,२२१ होता. जॅझमधल्याच चार्ल्स मिंगसचंही असंच, चेलोवरून बेस. ज्या माणसांना पुढे बसू दिलं नाही त्यांनी मागे उभं राहून सगळ्या संगीताची चाल ठरवली. मला हे आमच्या लोकांना सांगावंसं वाटतं, आणि मी सांगतोही.

खर्जवेडा, आमच्या पार्टीत खालचा सूर मीच वाजवतो, पण प्लास्टिकच्या पट्टीतून. तुमचा लाकडी बेस ऐकायचाय. पुलगाव फार लांब नाही.

खर्जवेडा
@निळी_पहाट, कार्टरचं वादन मी रोज ऐकतो. त्याचा सूर संपतानाही सरळ राहतो, तेवढं एक जरी माझ्या हातात आलं तरी भरून पावलो. भेटू नक्की.

मंडळींनो, काल गावातल्या भजनी मंडळाच्या सरावाला बेस घेऊन गेलो. पेटीवाले काका म्हणाले, आपलं सगळं काळी एकमध्ये. माझ्या मोकळ्या तारा पांढरी तीन, सहा, दोन, पाच. काळी एकची एकही मोकळी तार नाही. मग चारही तारा अर्धा स्वर उतरवल्या. आता दुसरी तार सा, तिसरी तार प, पहिली म, आणि चौथी खालचा रे. हात न लावता भजनाची बैठक तयार.

अभंगाच्या आधीच्या आलापात गजाने सा धरला. पेटीवाले काका थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि भाता हळू केला. तबला सुरू झाल्यावर मी गज उचलला, फक्त समेवर बोटाने एक सूर. तरी तबलजींना जड वाटलंच. त्यांचं म्हणणं डग्गा भाऊंनी लिहिलं अगदी तेच. आलापात राहा, ठेक्यात येऊ नका. मंडळातले दोघं म्हणाले की ठेक्यातही हवा. ठरलं काही नाही.

डग्गा
तबलजी शहाणा माणूस आहे. पण आलापात सा धरला आणि पेटीवाल्याने भाता हळू केला, हे वाचून मी विचारात पडलो. पेटीवाला सहसा कुणासाठी भाता हळू करत नाही. ठेक्यासाठी एक करून पाहा: डग्गा मोकळा वाजतो त्या मात्रांवर तुम्ही गप्प, आणि ठेक्यात जिथे डावा बंद, केहरव्यात, भजनी ठेक्यात ती जागा असते, तिथे तुमचा सूर. डग्गा नसलेल्या जागेत बेस. तबलजीसोबत बसून अर्धा तास नुसतं तेवढंच घासा.

तानपुरी
मीही माझं मत थोडं सरकवते. सा-प वर स्थिर राहणार असाल तर तो एका अर्थी गजाचा तानपुराच झाला, त्याला माझी हरकत कशाला असेल. फक्त मालकंससारख्या रागात प टाळा, तिथे मध्यम धरा. तुमची पहिली तार आता मध्यमच आहे.

गजवाला
तारा अर्धा स्वर उतरवल्या, छान. युरोपातले एकल वादक उलट करतात, चारही तारा एक पूर्ण स्वर चढवतात, त्यासाठी तारांचे वेगळे संचही मिळतात. तुमच्या उतरवलेल्या चौथ्या तारेला मात्र ताण कमी पडेल, गज टेकवताना हळू. नवा संच घ्यायचा झाला तर पंधरा हजारांच्या पुढची तयारी ठेवा. बेसच्या तारा वर्षानुवर्षं टिकतात, एवढा दिलासा.

वऱ्हाडी_ठेचा
पंधरा हजार?? तेवढ्यात आमच्या मंडळाच्या सतरंज्या, टाळ अन् पेटीची दुरुस्ती व्हते. पन घ्या भाऊ, हौसेले मोल नाई. फोटो अजून आला नाई मात्र.

मोझरीची_लेक
बऱ्याच दिवसांपासून नुसती वाचते, आज लिहिते. आमचं माहेर तिवसा तालुक्यातलं, गुरुकुंज मोझरीजवळ. राष्ट्रसंतांची खंजिरीभजनं ऐकत वाढलो. तुम्ही सगळे पुरुषांच्या मंडळांचंच बोलता आहात. महिला मंडळांत पुष्कळ ठिकाणी तबला नसतोच. टाळ, खंजिरी आणि पेटी. खंजिरीचा आवाज सगळा वरचा, खाली काहीच नाही. आणि आमची पट्टी बहुतेक पांढरी पाच. दादांच्या वाद्याची एक मोकळी तार पांढरी पाचच आहे ना? मग काही उतरवायची गरजच नाही.

खर्जवेडा
ताई, तुम्ही प्रश्नच सोडवलात. पांढरी पाच ही माझी पहिली मोकळी तार, तिच्याखालची पांढरी दोन म्हणजे पंचम. तिसरी तार खालचा रे, चौथी ध. आणि चौथ्या तारेवर थोडं वर गेलं की मंद्र सा, डोळे मिटून बोट पडतं. गावातलं महिला मंडळ पांढरी पाचमध्येच गातं, माझी आईच त्यात आहे आणि मला सुचलं नाही!

आजच बोलून आलो. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडआरती असते, त्यात या म्हणाल्या. अट एकच, वाद्य मधोमध ठेवायचं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडतं. सोयाबीनची कापणी त्याच दिवसांत, पण पहाटेचा वेळ मोकळा असतो.

मूळ प्रश्नावर आता माझं मत सांगतो. एकट्याने पुढे जाता येतं. तानपुरा लावून, बाख वाजवून, खोलीतली काळी तीन ओळखून. सुराची आणि हाताची तयारी एकट्यानेच होते. पण कुठे थांबायचं हे मला एकट्याला कधीच कळलं नसतं. तबलजींनी टोकलं तेव्हा कळलं. म्हणून ठेक्यातला प्रश्न मी सोडणार नाही. डग्गा भाऊंनी सांगितल्याप्रमाणे तबलजींसोबत बसायचं ठरवलंय, आणि तेही तयार झालेत.

डग्गा
जमलं की रेकॉर्डिंग टाका. मोबाइल जमिनीवर ठेवू नका, तबल्यापासून लांब, बेसच्या समोर दोन-तीन हातांवर.

पदार्थ_विज्ञान
आणि मंडळींनो, ते रेकॉर्डिंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. एवढ्या छोट्या स्पीकरमधून ४०-५० हर्ट्झ निघतच नाही. सुराचे वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो, म्हणून चाल कळते, पण पोटात काही पोचत नाही. हेडफोन लावा.

सागवान
खर्जवेडा, पहाटे थंडीत उभं राहून वाजवणार का? स्टूल पाठवतो. सागवानाचं, ७५ सेंटिमीटर उंच, पायाला आडवी पट्टी. उंची कमी-जास्त हवी असेल तर आत्ताच सांगा, मागून कापता येतं, जोडता येत नाही.

खर्जवेडा
काका, ७५ बरोबर आहे. डावा पाय टेकवायची पट्टी जमिनीपासून वीतभर वर ठेवा. समुद्रपूरला येणाऱ्या कोणत्याही गाडीत टाका, मी स्टँडवरून घेऊन जाईन. आणि ठेचा भाऊ, फोटो आज रात्री टाकतो, ओसरीतला.